तिचा नंबर

“तिचा नंबर लागला म्हणून फोन आला होता,” टेलरमास्तर म्हणाले आणि गळ्यातली टेप काढून उगीचच गुंडाळू लागले.

वाचनालयातल्या बाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. तासाभरापूर्वी यादीतल्या नावांना सवयीने फोन लावताना ‘तुमच्या मिसेसचं पुस्तक आलंय, घेऊन जा’ असं सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या. रिसीव्हर ठेवल्यावर आठवलं, की तीन महिन्यांपूर्वी या माणसाची बायको गेली तेव्हा आपणच त्याला भेटायला घरी गेलो होतो. फोन ठेवल्यापासून त्या खुर्चीत टेकल्या नव्हत्या. लावलेलीच पुस्तकं काढून पुन्हा लावत होत्या.

“चुकलं माझं, मास्तर. नाव खोडायचं राहून गेलं.”

“असू दे हो. पुस्तक दाखवा.”

बाईंनी ते पुढे केलं नाही. कुणाला कोणतं पुस्तक पचेल हे सांगण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. वाचक त्यांना वैद्यीणबाई म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडायचं. मास्तरांची प्रकृती तर तोंडपाठ: खून पहिल्या पानावर, खुनी शेवटच्या. बायकोची पुस्तकं ते वीस वर्षं पिशवीतून नेत-आणत होते, पण त्यातलं एकही त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं.

“तुमच्यातलं नाही हे. भुताची प्रेमकथा आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे कसं?”

“एका बाईचा मेलेला माणूस रोज संध्याकाळी परत येतो. प्रेम खरं असतं त्याचं. पण येतो तेव्हा तिची थोडी ऊब घेऊन जातो. ती खंगत जाते. तिला सगळं कळत असतं, तरी दार उघडते.”  काही पानं बाईंनी स्वतः आजूबाजूला कोणी नाही ना, हे बघून वाचली होती. तो तपशील त्यांनी गाळला. “फार काळोखी आहे, मास्तर. आत्ता तर नकोच. नवी पोलिसी कादंबरी आलीय, देऊ?”

मास्तरांनी हात पुढे करून पुस्तक ओढूनच घेतलं. उभ्याउभ्या दोन पानं वाचली, मिटलं, खिडकीपर्यंत गेले, परत आले, मध्येच कुठेतरी उघडलं. कान लाल झाले.

“हे असलं वाचायची ती?”

“हेच. या यादीत सहा महिन्यांपासून नाव होतं त्यांचं.”

“अहो, ती भुताला घाबरायची. जिन्यातला दिवा गेला तर मला हाका मारायची. आणि शेजारी बसून हे वाचायची?” ते हसायला गेले, ते काही जमलं नाही. “मी विचारलंच नाही कधी. ती विचारायची मला, खुनी सापडला का म्हणून. रोज विचारायची.”

 इतकी वर्षं बाईंनी दोघांना वेगवेगळी पुस्तकं दिली होती आणि दोघांची नस आपल्याला कळली, अशा तोऱ्यात राहिल्या होत्या.

“मला झेपेल का?” मास्तरांनी विचारलं. “खरं सांगा.”

“नाही झेपणार,” बाई म्हणाल्या. “न्या.”

त्यांनी कार्ड काढलं. मास्तरांचं काढलं होतं, ते परत ठेवलं आणि त्याच्या शेजारचं घेतलं. त्यावर तारीख घातली.

ते जिना उतरतात न उतरतात तोच एक कॉलेजातली मुलगी वर आली. यादीत पुढचं नाव तिचं होतं.

“काकू, आली ना कादंबरी? आज माझा नंबर लागेल म्हणाला होतात!”

“तुझ्या आधी एक बाई आहेत. त्यांनी नेलीय.”

“भरभर वाचतात का त्या?”

“वाचायच्या,” बाईंच्या तोंडून निघालं, आणि मग त्या गडबडीने म्हणाल्या, “या खेपेला वेळ लागेल. फोन करेन मी तुला.”