खात्यात दिसेपर्यंत

“बघा काकू, आले पैसे,” गाडी विकत घ्यायला आलेला तरुण म्हणाला, तोच टेबलावरचा फोन वाजला.

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सिस्टरांनी चष्मा लावला. गाडीची सगळी रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याचा, सरांचा, चेहरा खुलला. त्यांनी डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली. उजवा हात अर्धांगवायूनंतर मांडीवर नुसता पडून असायचा.

सरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती, हा तरुणही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. फोनवर त्याने जुनी ओळख सांगितली, सांगितलेला भाव हूं की चूं न करता कबूल केला. सर सकाळपासून त्याचंच कौतुक करत होते. सिस्टरांच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

मेसेज बँकेच्या नावाने नव्हे, साध्याच मोबाइल नंबरवरून आलेला होता. त्यांनी बँकेचं अॅप उघडलं. पासवर्ड एकदा चुकला. खात्यात कालचीच शिल्लक होती.

थोडं थांबू या, त्या म्हणाल्या. तो हसला. बँकेचा सर्व्हर मंद आहे, संध्याकाळपर्यंत पैसे दिसतील, तो म्हणाला. आईला दवाखान्यात न्यायचंय, तेवढी गाडी मिळाली तर बरं होईल.

“दे गं,” सर जड जिभेने म्हणाले. “आपलाच पोरगा आहे.”

वॉर्डात डॉक्टरांनी कितीही घाई केली तरी बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय सिस्टरांनी कधी सलाइन लावलं नव्हतं. पण तिथे समोर नवरा नसायचा. दुखण्यानंतर घरातलं सगळं त्याच ठरवत आल्या होत्या; गाडीचा व्यवहार तेवढा त्यांनी मुद्दाम सरांवर सोडला होता. आणि त्या पैशांवरच सरांची पुढची फिजिओथेरपी अवलंबून होती.

त्या उठल्या आणि त्यांनी सरांच्या हातातली किल्ली धरली. क्षणभर सरांनी मूठ सोडली नाही.

“बँक कोपऱ्यावरच आहे, बाळा,” त्या म्हणाल्या. “चल, तिथे विचारू. पैसे खात्यात दिसले की तिथल्या तिथे किल्ली देते.”

“सर, तुम्ही तरी सांगा काकूंना,” तो म्हणाला.

सरांनी मान खाली घातली. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच, असं म्हणून तो जिना उतरला.

बँकेच्या बाकावर सिस्टर दारावर डोळे लावून बसल्या. त्याची आई खरंच आजारी असली तर? आपण सरांच्या शिष्याला चोर ठरवलं, असं तर झालं नाही ना? शेवटी काउंटरवरच्या बाईंनी पुन्हा एकदा खातं बघून सांगितलं, पैसे कुणी पाठवलेलेच नाहीत, मेसेज खोटा आहे. त्याचा फोन बंद लागत होता.

हे ऐकल्यावर सर जेवले नाहीत. सिस्टरांनीही ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ असं काही म्हटलं नाही. सर भिंतीकडे बघत म्हणाले, “त्याला रिव्हर्स जमायचा नाही. महिनाभर जास्त शिकवलं मी. फी न घेता.”

पुढच्या आठवड्यात पाळणाघर चालवणाऱ्या एका बाईंनी गाडी बघितली आणि भावावरून चांगलीच हुज्जत घातली. सिस्टरांनी आधीच सांगून टाकलं, व्यवहार बँकेत होईल. मलाही तसंच बरं वाटेल, बाई म्हणाल्या. काउंटरवर पैसे खात्यात आल्याची खात्री झाली, तेव्हाच सिस्टरांनी किल्ली आणि कागद दिले. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या फुटपाथवर उभ्या राहिल्या, मग बसने घरी आल्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिसरा गिअर अडकतो. सांगितलंस त्यांना?”

आपण फसू नये या धास्तीत ते सिस्टरांच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

“पोरं बसणार त्यात,” सर म्हणाले.

पायातल्या चपलाही न काढता सिस्टरांनी बाईंचा नंबर लावला आणि फोन सरांच्या कानाशी धरला. सर खुर्चीत जरा ताठ बसले.

“नमस्कार. मी गाडीवाला बोलतोय,” ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. “तिसरा टाकताना क्लच पूर्ण दाबा. घाई करू नका. दुरुस्तीचा खर्च आम्ही देऊ.”