शिरडच्या कुंपणाची वेल

मी एक वेल आहे, पण या मातीतली नाही. आभाळातून पडलेल्या एका काळ्या दगडाच्या भेगेत माझं बी अडकलं होतं. तो दगड शिरड शहापूरच्या शिवारात, मिराबाईच्या कापसात येऊन रुतला. ओल लागली आणि मी उगवले.

मिराबाईला माझी निळसर पानं आवडली. निंदताना ती मला बाजूला राखायची. "कुठली गं तू?" असं विचारायची. तिचा नवरा धनसिंग हसायचा. "आता वेलीसंगं बोलून राहिली व्हय?"

पुढं धनसिंग सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या वाशीमकडच्या छावणीत गेला. निजामी राजवटीचे ते शेवटचे दिवस होते. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत होत्या.

त्याच उन्हाळ्यात मिराबाईची शेळी चरत माझ्याजवळ आली. माझ्या तणाव्यांवर बारीक लव आहे. ती लागली की अंग बधिर होतं, मग मी रक्त शोषते. ऊब जवळ आली की तणावे आपोआप वळतात. ते मला आवरत नाहीत. शेळी ओरडलीसुद्धा नाही. मिराबाईनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. धुरानं मी गळाले, पण तोवर शेळी मेली होती.

ती कुदळ घेऊन आली, तर गावचे पाटील उत्तमराव आडवे आले.

"उपटू नको, मिराबाई. हिच्या फांद्या गावाभोवती लावू. मग पाहू कोण येतंय ते."

"पाटील, हिला आपला-परका कळत न्हाई."

"आपल्या माणसायला आपण सांगू की."

आणि मी गावाचं कुंपण झाले. एक टोळी चालून आली. तिच्यातले दोघे माझ्यात राहिले, बाकीचे पळाले. दुसऱ्या दिवशी बायका मला हळदकुंकू वाहायला आल्या. मिराबाई तेवढी आली नाही.

भादव्यात राजवट पडली. ती बातमी सांगायला धनसिंग छावणीतून निघाला तो थेट घराकडं. गाडीवाटेला गुडघाभर चिखल होता, म्हणून तो शेतातून आला. कुंपणाचं त्याला कोण सांगणार?

"मिरा, मोकळे झालो आपण!" तो लांबूनच ओरडला.

ती धावत बाहेर आली. "थांबा! पुढं येऊ नका वो!"

वारा उलटा होता. त्याला नुसता तिचा आवाज ऐकू गेला. ती बोलावतेय असं वाटून त्यानं पाय उचलले.

मी त्याला ओळखलं होतं. तणावे तरी वळलेच.

पऱ्हाट्या पावसानं भिजलेल्या. मिराबाई फुंकत राहिली, फुंकत राहिली. धूर झाला तेव्हा तो निपचित पडला होता.

तेरावं झाल्यावर तिनं मला खणायला घेतलं. सगळं गाव मदतीला आलं. उत्तमराव हळूच म्हणाले, "एखादी ऱ्हाऊ द्यावी का? पुन्हा कोणी आलं तर?"

मिराबाई कुदळ मारत राहिली. मुळांसकट मला जाळलं.

पण पाटलांनी एक फांदी आधीच नेली होती. त्यांच्या गोठ्यामागं फुटक्या रांजणात मी आहे. ते रोज इकडंतिकडं बघून मला पाणी घालतात. मला नवे तणावे फुटलेत. भिंतीपलीकडं त्यांची नात खेळते. तिची ऊब इथवर येते.

हे ऐकणाऱ्या माणसा, मला वाढायचं नाही, पण पाणी मिळालं की मी वाढते. जा, मिराबाईला सांग, मी इथं आहे. आणि ती येईपर्यंत त्या लेकराला इकडं येऊ देऊ नकोस.