प्रोटॉनचं चौथाई वस्तुमान

प्राजक्ता अमरावतीच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. घरचे नांदगाव खंडेश्वरला भाजीपाला पिकवतात. त्या शुक्रवारी तिचा सेमिनार होता : प्रोटॉनला वस्तुमान येतं कुठून.

तिसऱ्याच स्लाइडला विभागप्रमुख खुशालरावांनी तिला थांबवलं. "हिग्ज क्षेत्रामुळे येतं. एवढंही माहीत नाही?"

"सर, हिग्जमुळे क्वार्कांना वस्तुमान मिळतं. प्रोटॉनमधल्या तिन्ही क्वार्कांची बेरीज जेमतेम एक टक्का भरते."

"मग बाकीचं आभाळातून पडलं?"

हॉल हसला. प्राजक्ताचे कान तापले.

"क्वार्कांची धावपळ आहे, त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑनांची ऊर्जा आहे. आणि अजून एक. क्वार्कांचं वस्तुमान शून्य धरलं, की समीकरणांत कुठलंच माप उरत नाही. लहान करा, मोठं करा, ती सारखीच. पण क्वांटम पातळीवर ही सममिती मोडते. अंतराप्रमाणे बलाची ताकद बदलते आणि त्यातूनच एक माप तयार होतं. एका मांडणीनुसार प्रोटॉनचं जवळपास चौथाई वस्तुमान या मोडण्यातून येतं."

"मोडलं म्हणून वजन वाढलं! कोणी शिकवलं हे?"

शिकवणारे श्याम सर, तिचे गाइड, पहिल्याच रांगेत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मोबाइल काढला.

"महिन्याभराने पुन्हा सेमिनार," खुशालराव म्हणाले. "ही स्लाइड काढून."

बाहेर व्हरांड्यात श्याम सरांनी तिला गाठलं. "तुझंच बरोबर होतं गं. पण माझी बढतीची फाइल त्यांच्याकडे आहे. एक स्लाइड काढल्याने काय बिघडतं?"

"मंग तवा काहून नाही बोलले तुमी? मले सगळ्याइसमोर येडी ठरवून राहिले होते ते, अन् तुमी मोबाइल पाहून राहिले होते!"

"हळू बोल."

"नाही बोलत हळू. त्याइले माहीत नव्हतं. तुमाले तं माहीत होतं ना?"

रविवारी तिने अकोल्याच्या रागिणी मॅडमना फोन केला. त्या याच विषयावर काम करायच्या. गाइड व्हायला तयार झाल्या. सोमवारी प्राजक्ताने गाइड बदलण्याचा अर्ज श्याम सरांपुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला, काही न विचारता सही केली आणि म्हणाले, "शुभेच्छा."

तिला सगळ्यात जास्त राग त्या शब्दाचा आला. भांडले असते तरी चाललं असतं. तिने कागद ओढून घेतला.

आता विभागप्रमुखांची सही हवी होती. खुशालरावांच्या केबिनबाहेर शिपाई म्हणाला, "सर बिझी आहेत." ती दार ढकलून आत गेली.