अठ्ठ्याहत्तर टक्के उगवण

मानवतच्या एका बियाणे कंपनीत संगणक आला, त्याच वर्षी, त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात चांगुणा कामाला लागली. पत्रावर हुद्दा होता, प्रोसेस इंजिनिअर. म्हणजे काय, हे कंपनीत कुणालाच धड सांगता येईना. प्रोग्राम लिहायला भुजंग, आकडे भरायला नागनाथ; मग ही बाई कशाला? भुजंगानं तिचं नाव पाडलं, हवालदारीण.

"आमी लिहायचं अन् हिनं शिट्टी वाजवायची," तो म्हणायचा.

चांगुणा हसण्यावारी न्यायची. काम कोणत्या हातातून कोणत्या हातात जातं आणि मधे कुठं सांडतं, हे बघणं तिचं काम. पहिल्याच महिन्यात तिनं संगणकाशेजारी एक जाड वही ठेवली. प्रोग्राममधली एक ओळ बदलली तरी त्यात लिहायचं, बदल कुणी सांगितला, तपासला कुणी, आणि खाली दोघांचं दस्तखत.

मे संपत आला. संकरित कापसाच्या पिशव्यांवर लावायची लेबलं आता संगणक छापणार होता. झरीहून आलेल्या बियांची उगवण अठ्ठ्याहत्तर टक्के निघाली होती. तपासणारी म्हणून चांगुणाचं तेवढं दस्तखत राहिलं होतं; त्याची नोंद झाल्याशिवाय प्रोग्राम लेबल छापत नव्हता.

"प्रोग्राम शंभर वेळा चालवून बघितलाय," भुजंग म्हणाला. "करा की सही, मॅडम."

"आकडा कुठून येतो, ते बघून येते."

"प्रयोगशाळेतून येतो. आभाळातून न्हाई पडत."

प्रयोगशाळा म्हणजे गोदामामागची एक खोली, वाळूचे ट्रे आणि दगडाबाई. साठीची बाई, उभा जन्म शेतात गेलेला, हात अजून मातीचेच. चांगुणा ट्रेपाशी उकिडवी बसली. वाळूतून वर आलेले ते इवले कोंब पाहून तिला घरी ठेवून आलेल्या लेकीचा नुकता फुटलेला दात आठवला. बोट जवळ नेलं आणि ती थबकली.

"मावशी, काही खळग्यांत दोन-दोन कोंब कसे?"

"मग? कापूस दोन-दोनच टोबतेत की! एक न्हाई आलं तर दुसरं येतंय. एवढी शिकलेली तू, अन् एवढं ठाव न्हाई?"

"अन् मोजता काय?"

"खळगे. शंभरातले अठ्ठ्याहत्तर उगवले. बघ मोजून."

चांगुणानं कोंब मोजले. दोनदा मोजले. दोनशे बियांतून एकशे सहा कोंब. म्हणजे उगवण त्रेपन्न टक्के. पासष्टच्या खालचं बी विकायला कायद्यानं बंदी. आणि हे बी इतकं महाग, की शेतकरी एका जागी एकच टोबणार. निम्मं रान मोकळं राहील आणि तो दोष देईल आपल्याच जमिनीला.

मॅनेजर किशनराव संगणकाच्या खोलीत उभेच होते. बाहेर गाड्या लागल्या होत्या.

"छापा," ते म्हणाले.

"न्हाई छापता येणार, साहेब. एकेरी बी टाकून पुन्हा मोजायचं. बारा दिवस लागतील."

"बारा दिवस? पेरणी तोंडावर आलीय! तुमच्या लोकांचं हेच असतं. जिथं तिथं मोर्चा."

नागनाथानं मान खाली घातली. चांगुणाचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून पंधरा वर्षं चालायलोत आमी, साहेब. बारा दिवसांचं काय घेऊन बसलात?"

"भुजंग, हिच्या सहीची अट काढून टाक प्रोग्राममधून!"

"पाच मिनिटांचं काम," म्हणत भुजंग खुर्चीत सरकला. हाताला सवय लागलेली. त्यानं आधी वही ओढली आणि लिहिलं, 'तपासणीची अट काढली.' मग पेन पुढं केलं. "कुणी सांगितलं, तिथं तुमचं दस्तखत करा, साहेब."

"तूच कर की."

"मी कशाला? उद्या रान उगवलं न्हाई तर लोक माझ्या दारात यायचे."

किशनरावांनी पेन घेतलं. वहीवर टेकवलं. वर चांगुणाकडं पाहिलं. ती जागची हलली नाही, नजरही काढली नाही. त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"गाड्या परत पाठवा! अन् बाई, सोमवारपासून तुमी येऊ नका."

"येणार," चांगुणा म्हणाली. "बी टाकल्यावर मोजायला कुणी तरी लागतंय."

ती तडक गोदामामागं गेली. दगडाबाई फुगून बसली होती. "माझी मोजदाद खोटी काढली म्हणं तू!"

"तुमची मोजदाद खरी हाय, मावशी. आमीच विचारलं न्हाई कधी, मोजता काय म्हणून. आता एका खळग्यात एकच टाका."

"एकच? हात धजत न्हाई गं माय."

दारात भुजंग येऊन उभा होता. कंपनीत लागल्यापासून पहिल्यांदाच तो या खोलीत आला होता. "किती टाकले अन् किती उगवले, दोन वेगळे रकाने करावे लागतील," तो पुटपुटला. "जरा दाखवता का, कसं टाकता ते?"

दगडाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी पायातले बूट काढ," ती म्हणाली, "अन् खाली बस."