तीन सिगारेटींवरचं गाव

मी एक जुनी लाकडी नाव आहे. किती जुनी ते विचारू नका, मित्रांनो. आमच्या किनाऱ्यावर बाईचं आणि नावेचं वय विचारत नाहीत. एवढंच सांगते, की माझं सुकाणू धरणाऱ्या ज्या कपेतान मानूसोसचे गुडघे आज धक्क्याच्या चार पायऱ्या चढताना कुरकुरतात, तो माझ्यात पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते.

माझं नाव गारिफालिया. हे मानूसोसच्या आजीचं नाव. त्याच्या वडिलांनी मला सामोस बेटावरच्या पाइनच्या लाकडातून बांधून घेतलं. बांधणारा मास्तर याकूमीस मोठा हट्टी माणूस. उभ्या जन्मात त्यांनी कागदावर एक रेघ ओढली नाही, सगळी मापं नजरेनेच घ्यायचे. माझं पोट डावीकडे जरा जास्त सुटलेलं आहे, कारण त्या आठवड्यात मास्तरांचे डोळे आले होते. पण त्यांनी जोडलेल्या एकाही सांध्याने मला आजवर दगा दिलेला नाही. हल्लीच्या चकचकीत नावांना हे सांगून बघा, कळायचं नाही त्यांना.

क्रीट बेटाच्या दक्षिण अंगाला आमचं लिमनाकी गाव आहे. अकरा घरं, एक इवलंसं चर्च आणि मागे सरळ उभा डोंगर. गावात रस्ता येत नाही. हानिया शहरातून निघालेली बस बर्फाच्या डोंगरावर चढते, मग वळणं घेत घेत खाली समुद्रापर्यंत येते आणि कावोसच्या चौकात थांबते. ड्रायव्हर म्हणतो, "उतरा, जग संपलं." तिथून पुढे मी. कावोस ते लिमनाकी पाऊण तास. डाव्या हाताला समुद्र असा निळा, की डोळ्यांना तहान लागावी, आणि उजव्या हाताला कडे, त्यांच्या कपारीत शेळ्या. एका ठिकाणी तर खाऱ्या पाण्याला लागून वाळूतून गोड पाण्याचे झरे वर येतात. मी हे हजारो वेळा पाहिलंय, तरी त्या वळणाला आजही माझं इंजिन आपोआप हळू होतं. मानूसोस म्हणतो, ते इंजिनात कचरा अडकल्यामुळे. म्हणू दे.

या वाटेवरून मी काय काय नेलं नाही! नवऱ्या मुली आणल्या, पाद्रीबाबा आणले, शाळेचा फळा आणला, गावातला पहिला फ्रिज आणला. त्या दिवशी एक बोकड आणि फ्रिज शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांनाही सारखीच धास्ती वाटत होती. आजारी माणसं तर किती नेली. उन्हाळ्यात पाठीवर बोजे घेतलेले परदेशी लोक यायचे. मानूसोस प्रत्येकाला बजावायचा, आधी उजवा पाय ठेवा. ते हसायचे आणि उजवा पाय ठेवायचे. मग माझे फोटो काढायचे, माझ्या निळ्या पट्ट्यावरून हात फिरवायचे. कुणी तरी म्हणे घरच्या भिंतीवर मला टांगलंय. खोटं कशाला बोलू, ऐकून मी फुगले होते.

आमच्या कपेतानची एक खोड मात्र इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. तो अंतर सिगारेटीत मोजतो. त्याचे वडील तसंच मोजायचे, आजोबाही तसंच. वरची धनगरवाडी दोन सिगारेटी, झरे एक सिगारेट, डोंगरवाटेने कावोस तीन सिगारेटी. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्याचं धूम्रपान बंद केलं, आणि बरंच केलं, मित्रांनो. त्या धुराने माझी केबिन काळी पडली होती. पण सिगारेट सुटली तरी माप काही सुटलं नाही.

मग एक मोठी पांढरी बोट आली. ती मे ते ऑक्टोबर चालते, तिच्यात गार हवेची यंत्रं आहेत आणि शंभर माणसं बसतात. परदेशी लोक तिकडे वळले. मी त्यांना नावं ठेवत नाही, उन्हात कोण बसेल? थंडीत मात्र ती बोट नाहीशी होते, आणि पीठ, गॅस, औषधं, सगळं पुन्हा माझ्याच अंगावर. पण थंडीत लिमनाकीत उरतात किती जण? मानूसोस, त्याची थोरली बहीण आर्गिरो आणि दोन म्हातारी जोडपी.

मानूसोसचा मुलगा अथेन्सला असतो. तो दर रविवारी फोनवर तेच सांगायचा, बाबा, आता पुरे, इकडे या. यंदाच्या जानेवारीत एक सरकारी पत्र आलं. ज्यांना समुद्र सोडायचाय त्यांच्या जुन्या लाकडी नावा सरकार मोबदला देऊन मोडून टाकणार होतं. यंत्र येतं, लोखंडी जबड्याने नावेचे तुकडे करतं, मग कागदावर शिक्का बसतो. बाहेर आठवडाभर पाऊस होता, मानूसोसचे गुडघे ठणकत होते. त्याने सही केली.

मला हे कळलं ते आर्गिरोच्या आवाजावरून. ती धक्क्यावर येऊन त्याला नको नको ते बोलली. तो म्हणाला, थंडीत इथे येतंच कोण? तेव्हा ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मी कुणी नाही का रे, मानूसो? मी काय शेळी आहे, वाटेल तेव्हा डोंगर चढून जायला?"

दरवर्षी ईस्टरआधीचा मोठा उपास लागला, की दुसऱ्या आठवड्यात तो मला वाळूवर ओढून घ्यायचा, पोटावरचं शेवाळ खरवडायचा, सांध्यांत कापूस ठोकायचा आणि नवा रंग द्यायचा. यंदा उपास लागला, दुसरा आठवडा गेला, तिसरा लागला. रंगाचा डबा केबिनमध्ये झाकणासकट तसाच पडून राहिला. माझ्या पोटाला दाढी आली. मोडायच्या नावेला रंग कोण देतो? मला राग नाही आला, मित्रांनो. मला फार वाईट वाटलं.

आणि मग नाव मोडण्याआधी तिची तपासणी करणाऱ्या सरकारी बाईंचा फोन आला. त्यांचं नाव एव्हान्थिया, अथेन्सच्या कचेरीतून आल्या होत्या. कावोसला बसमधून उतरून त्यांनी विचारलं, नाव पाहायला लिमनाकीला कसं यायचं? अशा वेळी मानूसोसने काय म्हणायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाहुणा कावोसला उभा असेल तर त्याला आणायला जायचं असतं. पण तो माझ्यात बसून बोलत होता, एक हात माझ्या सुकाणूवर होता, आणि तो म्हणाला, "चालत या बाई. डोंगरवाट सरळ आहे. हे काय, तीन सिगारेटी."

त्यांनी कावोसच्या बेकरीवाल्याला विचारलं, सिगारेट ओढायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, पाचसात मिनिटं. बाईंनी हिशेब केला, वीस मिनिटं. फाइल काखेत मारली आणि शहरी बूट घालून दुपारी एक वाजता निघाल्या.

आता तुम्हाला आमच्या कपेतानची सिगारेट सांगते. तो ती पेटवायचा गाव सोडताना. दोन झुरके मारून विझवायचा आणि कानावर ठेवायचा. मग खिंडीत पुन्हा दोन झुरके, पुन्हा कानावर. त्याची एक सिगारेट एक तास पुरायची. एखादी सवा तासही.

पाच वाजले तरी बाई आल्या नाहीत. दक्षिणेचा वारा सुटला होता, समुद्र करडा व्हायला लागला होता. आर्गिरो पोळ्यांत भरायला रानभाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, तुझी ती पाहुणी कुठे राहिली? त्याने सांगितलं, चालत येतेय. आर्गिरोच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"एकटी? त्या वाटेने? आणि तू तिला अंतर कशात सांगितलंस?"

त्याने सांगितलं. आर्गिरोने कपाळावर हात मारून घेतला. आपल्या घराण्यात पाहुण्याला डोंगरातून चालायला लावणारा तू पहिला, असं ती म्हणाली, आणि तुझी सिगारेट म्हणजे चर्चमधली मेणबत्ती आहे हे त्या बिचारीला कुणी सांगायचं, असंही म्हणाली. तेवढ्यात वरच्या धनगराचा फोन आला. लाल पिशवीवाली एक बाई शेळ्यांच्या वाटेला लागून खाली काळ्या खाडीत उतरलीय, वर चढायला तिला जमत नाहीये, आणि पाणी वाढतंय.

मानूसोस धावत आला. गुडघे बिडघे सगळं विसरून आला. माझं इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. पोटाला शेवाळ होतं, सांधे सुकलेले होते, तळाशी पाणी पाझरायला लागलं. आर्गिरो न विचारता चढली आणि बादलीने ते बाहेर काढू लागली. मी खरं सांगते, मला वाटलं, ही आपली शेवटची फेरी. मग ठरवलं, शेवटची तर शेवटची, नीट करायची.

काळ्या खाडीचं तोंड तीन खडकांनी अडवलंय. माझ्या रुंदीपेक्षा तिथे हातभर जागा जास्त, बस. मोठी पांढरी बोट तिथे नाकसुद्धा घालू शकत नाही. माझं डावं पोट सुटलेलं आहे हे नकाशात लिहिलेलं नसतं, ते फक्त मानूसोसला ठाऊक. त्याने मला उजवीकडे इतकं चेपलं, की खडकाचा शिंपला माझ्या रंगावर ओरखडा काढून गेला, आणि डावीकडून आम्ही सुटलो. आत एका दगडावर एव्हान्थियाबाई बसल्या होत्या. एका पायात बूट नव्हता. लाटा घोट्याला लागत होत्या आणि फाइल मात्र त्यांनी डोक्यावर धरली होती, कोरडी राहावी म्हणून.

मानूसोसने फळी टाकली. बाईंनी फळीवर पाय ठेवला, तो नेमका उजवा. मग त्या आभार वगैरे न मानता म्हणाल्या, "तीन सिगारेटी म्हणाला होतात ना?"

"हो," तो मान खाली घालून म्हणाला. "माझ्या."

त्या आधी रडल्या आणि मग इतक्या हसल्या, की आर्गिरोने त्यांना धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी आर्गिरोने त्यांना लोकरी मोजे घातले, चुलीजवळ बसवलं, आणि उपासाला चालतात म्हणून गोगलगाई रांधून वाढल्या. मी धक्क्याला बांधलेली होते. आतून बोलण्याचा आवाज येत होता, पण माझ्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. मला तेच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. बाई फाइल घेऊन धक्क्यावर आल्या. काम ते काम. त्यांनी माझी लांबी मोजली, लाकूड कुठलं ते विचारलं, मास्तरांचं नाव विचारलं. मानूसोस एकेका शब्दात उत्तरं देत होता. शेवटच्या रकान्याशी त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचलं, "यंत्र आणण्यासाठी नावेच्या ठिकाणी पोचण्याचा मार्ग." मग म्हणाल्या, "काय लिहू, कपेतान? तीन सिगारेटी?"

तो हसला नाही. त्याने डोंगरवाटेकडे पाहिलं. समुद्राकडे पाहिलं. पांढरी बोट सुरू व्हायचा मे महिना अजून लांब होता. मग माझ्याकडे पाहिलं.

"लिहा," तो म्हणाला, "गारिफालियाने."

बाईंचं पेन जागच्या जागी राहिलं. म्हणजे हिला मोडायचं यंत्र हिच्यातूनच आणायचं का, असं त्यांनी अगदी सरळ विचारलं.

आर्गिरो बादली धूत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आणि मोडून झाल्यावर ते परत कशातून न्यायचं?"

मग बाईंनी सांगितलं, त्यांचा शिक्का पडेपर्यंत अर्ज मागे घेता येतो, आणि सहीचा कागद फाइलमधून काढून पुढे धरला. मानूसोसने तो घेतला. फाडला नाही, चुरगळला नाही. नुसता आर्गिरोच्या हातात दिला. तिने त्यात भाजी भरलेल्या चार पोळ्या बांधल्या आणि वाटेत खायला म्हणून ते पुडकं बाईंच्या लाल पिशवीत ठेवलं. दहाची बस गाठायला आम्ही त्यांना कावोसला सोडलं. पुढच्या खेपेला फोन केला की तिथेच थांबा, असं मानूसोसने त्यांना तीनदा बजावलं, "मी आणायला येईन."

परत आल्यावर त्याने मला वाळूवर ओढलं. शेवाळ खरवडता खरवडता तो माझ्याशी बोलत होता, तो एकटा असला की बोलतो. म्हणाला, "म्हातारे, ती बाई तुला मोडायला आलेली, तिला तुझ्यातूनच कसं आणू, म्हणून चालायला लावलं तिला. तेव्हाच कळायला हवं होतं मला, की मला हे नकोय." मग त्याने रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं. निळा पट्टा यंदा जरा वाकडा आलाय. मला तो सगळ्यात आवडतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा रंग, सांध्यात थोडा कापूस, आणि तिच्यावाचून आपण कुठे पोचलो नसतो याची आठवण. तुमच्याही घरी असं कुणीतरी कोपऱ्यात पडलेलं असेल. टाकून द्यायच्या आधी एकदा त्याच्या समोर उभे राहा आणि आपण इथवर कशावर बसून आलो ते मनाला विचारा.

आणि आमच्याकडे यायचं असेल तर हानियाहून कावोसची बस पकडा. जग संपलं, की उतरा आणि फोन करा. आम्ही आणायला येऊ. फक्त मानूसोसला अंतर विचारू नका.