शालनचा वळेसर

चैत्र. खाडीवर उतरलेलं सुवर्णपीत, अलसगामी ऊन. अंगणाच्या दगडी गडग्यावर ओणवलेली सुरंगी, शेवटच्या बहरानं जडावलेली, गंधमत्त. त्या गंधाशी भिकाजी परुळेकरांचं वैर होतं. जिवंत असलेल्या सगळ्याशीच होतं. बायको शालन वारली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून म्हातारा कावलेलाच असे.

गडग्यापलीकडच्या ओसाड घरात कोल्हापूरकडचे पोवार राहायला आले. भिकाजी त्यांच्या मिक्सरवर खेकसले, मांजरावर खेकसले, दोरीवरच्या ओल्या साडीवरही खेकसले. साडी बिचारी गुमान वाळत राहिली.

मग एका केशरी सायंकाळी रेवती पोवार दारात उभी राहिली. हातात कुंकवाचा करंडा.

"काका, येत्या शुक्रवारी आमच्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू हाय. काकूंना बोलवायला आले."

दोन वर्षांत शालनला बोलवायला कुणी आलं नव्हतं. भिकाजींच्या जिभेवर भलतंच आलं.

"माहेराक गेलीहा. खाडीपलीकडे, आपल्या भावाकडे. येतली."

येतली. एवढ्याशा शब्दानं त्या अंधारल्या घरात दिवा लागला.

रेवती रोज येऊ लागली. आंबेडाळ आणी, पन्हं आणी, दोघांपुरतं. सुरंगीच्या फुलांचा गजरा, वळेसर आणी, काकू आल्या तर माळतील म्हणून. भिकाजी तो शालनच्या खुंटीला अडकवत. आणि बोलत. शालनला पन्ह्यात वेलची लागते. शालन हसली की डाव्या गालाला खळी पडते. बोलता बोलता म्हातारा निवळला, मांजराला दूध घालू लागला, आणि तिन्हीसांजेला ओट्यावर बसून पलीकडून येणाऱ्या होडीकडे खुळ्यासारखा बघू लागला. खरं सांगितलं असतं तर शालन पुन्हा मेली असती. त्यांना ते सोसणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी रेवती कुणाला न सांगता होडीत बसली. काकूंना आपणच घेऊन यावं, एवढंच तिच्या मनात होतं. शालनच्या भावाच्या दारातून ती ओटीचा नारळ तसाच घेऊन परतली.

"काका, तिकडं जाऊन आले मी." तिचे डोळे भरले होते. "सांगायचं तरी हुतं."

भिकाजी खाडीकडे बघत राहिले. "सांगून काय? मगे तिका बोलवूक कोण येतला?"

दुसऱ्या दिवशीही रेवती आली. चिडली नव्हती, उलट अधिकच मायेनं आली. केळीच्या पानानं झाकलेलं ताट ठेवून, मान खाली घालून गेली. भिकाजींनी पान उचललं. भात, डाळ, वाटीभर पन्हं. एकट्यापुरतं. वळेसर नव्हता.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणूनच म्हाताऱ्याला रागावताही येईना.

आत खुंटीवर वळेसर लोंबत होते; सुकलेले, काळवंडलेले, आणि तरीही दरवळणारे. बाहेर ऊन ओसरलं, खाडी सावळली, सुरंगी मावळली. होडी आली, होडी धक्क्याला लागली, होडी रिकामी झाली. भिकाजींनी मान वर केली नाही.