सुनजा आजींच्या अंगणातली बरणी

मित्रांनो, मूर्तिजापूरला खुशालरावांच्या स्वयंपाकघरात कधी आलात, तर फळीकडे बघा. चिनीमातीच्या पांढऱ्याशुभ्र बरण्या ऐटीत बसल्या आहेत आणि कडेला एक बुटकी, काळपट, पोट सुटलेली बरणी आहे. ती मी. नाक मुरडू नका हं! मी इथली नाही. मी दक्षिण कोरियातल्या एका खेड्यातली आहे, आणि तुमच्या आईबाबांपेक्षा वयानं मोठी आहे.

तिथल्या कुंभारानं मला घडवलं, राखेच्या पाण्यात बुडवलं आणि भट्टीत खरपूस भाजलं. सुनजा आजी तेव्हा नवी नवरी होत्या. त्यांनी मला बाजारातून आणून अंगणातल्या दगडी ओट्यावर थोरल्या बरण्यांच्या शेजारी बसवलं. माझ्या पोटात भरलं सोयाबीन. वऱ्हाडात सोयाबीन काही नवं नाही, पण तिकडे ते शिजवून, ठेचून, आंबवून मिठात मुरवतात. जितकं जुनं, तितकं चवदार! रोज सकाळी आजी आमची झाकणं काढून आतल्या जिनसेला ऊन दाखवायच्या आणि सांजेला पुन्हा लावायच्या. गावात माझ्या चवीचं कौतुक होतं. मग आजींचा नवरा वारला, मुलं शहरात गेली. खाणारं तोंड एकच उरलं, तशा ओट्यावरच्या बरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या. भरलेली मी एकटीच राहिले. गप्पा मारायला शेजारी कुणी नव्हतं.

अशाच एका वसंतात चेरीची झाडं फुलांनी लगडली. डोंगर गुलाबी झाला. बाया बांधावर बसून कोवळा पाला खुडू लागल्या. आणि शहरातून सहलीची बस आली. दिवसभर खेडं बघायचं, आजींच्या ओसरीवर जेवायचं, संध्याकाळी परत जायचं, असा तो बेत. त्यात रागिणी होती. ती तिकडे नोकरीला. सोबत तिचे वडील खुशालराव. खांद्यावर दुपट्टा, आणि छातीशी धरलेली कापडी पिशवी.

सगळे फुलांचे फोटो काढत होते. खुशालराव मात्र सरळ माझ्यापाशी येऊन वाकले.

"पाय वो रागिणी, हे आजी बी ऊन दाखवून राहिली! तुही माय लिंबाच्या लोनच्याले असंच करे."

तेव्हा मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पुढे त्या दिवसाचं सगळं बोलणं त्यांनी शेजारच्या हलीमाबींना इतक्यांदा ऐकवलं, की मला पाठ झालं.

त्या पिशवीत एक स्टीलची डबी होती. खुशालरावांच्या बायकोच्या, केशरबाईंच्या हातचं शेवटचं लोणचं. मुरून काळंभोर झालेलं. केशरबाई गेल्या, तेव्हापासून खुशालरावांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. संपलं तर? घरी एकटं सोडवेना, म्हणून ती डबी विमानातूनसुद्धा सोबत आली होती.

जेवणं सुरू झाली. भात, पालेभाज्या, आणि माझ्या पोटातल्या सोयाबीनचा रस्सा. त्या अनोळखी चवीचा घास खुशालरावांना गिळवेना. आजी काळजीनं एकेक वाटी त्यांच्याजवळ सरकवू लागल्या. बिचारे ओशाळले. चार माणसं जेवून राहिली आन् आपण लोनचं लपवून बसावं, हे काही बरं दिसत नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी डबी उघडली. वऱ्हाडी माणूस तो, आग्रहाला लागला की थांबतो थोडाच! दोन्ही हातांनी डबी पुढे करत म्हणाले, "घ्या, घ्या! अजून घ्या!"

आजींनी एक फोड चाखली आणि डोळे मिटले. आता, आमच्याकडे दोन्ही हातांनी पुढे केलेली वस्तू म्हणजे भेट. आजींनी ती डबीच दोन्ही हातांत घेतली, खाली वाकून नमस्कार केला आणि आत नेऊन ठेवली.

खुशालरावांचे हात तसेच राहिले. रागिणी ताडकन उठली. "बाबा, मी मांगून आणतो. तिले समजलंच नाही."

"बस खाली. देल्लं ते देल्लं," खुशालराव म्हणाले आणि रिकामी पिशवी घडी घालू लागले.

पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? आजी बाहेर आल्या, मला पुसलं आणि खुशालरावांच्या मांडीवर ठेवलं. बस निघाली. मी दुपट्ट्यात गुंडाळलेली. वाटेत दोन्ही बाजूंनी फुलंच फुलं होती म्हणे, पण खुशालरावांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही.

मूर्तिजापूरच्या घरात दिवसदिवस शब्द ऐकू येत नसे. हलीमाबी आल्या तरच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. "या अल्ला! खुशालभाऊ, काहून सडवून ठेवलं हे?"

"सडलं नाही वो, मुरलं हाये."

पण खाल्लं मात्र नाही. रोज मला उन्हात ठेवायचे, शेजारी बसायचे, सांजेला उचलून आत न्यायचे. पुढे पुढे तेही थांबलं. मी फळीवर गेले. गळ्याशी कोळ्यानं जाळं धरलं. तेव्हा कळलं, मीही आता त्या डबीसारखी जपली जाणार. फार एकटं वाटलं हो.

पुन्हा वसंत आला. रागिणी त्या खेड्यात गेली आणि तिनं तिथून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुनजा आजी! हातात ती डबी. घासूनपुसून लखलखीत, आणि रिकामी.

"बाबा, थे लोनचं संपलं. रोज भातासंगं एक फोड खाल्ली म्हणते. लई आवडलं तिले."

खुशालरावांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन डबी निरखली.

"पुरं संपलं?"

"हो, बाबा."

"मंग बरं झालं. तुह्या मायनं ते खायालेच केलं होतं. मीच येडा नुसता पायत बसलो." आणि ते लहान मुलासारखे रडले.

मग डोळे पुसून उठले. सकाळची भाकर काढली, माझं जाळं झटकलं, चमचा आत घातला. पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला जरा कमी. तिसरा घास घेऊन ते हलीमाबींच्या दारात गेले.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना जपा, पण वापरून जपा. कुणी प्रेमानं काही करून ठेवलं असेल, तर ते वेळेवर खा आणि चार जणांना वाढा. माझं पोट आता अर्ध्याहून रिकामं झालं आहे. पुढे काय, याची मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तरी रोज सकाळी चमचा खणखणला, की मी वाट बघते, आज जरा जास्त घेतील का.